आठल्ये सरांचं ‘आलंच’

आठल्ये सरांनी माझ्या बुटाची लेस बांधायला गुडघे टेकले, तेव्हा मी दचकून मागे सरकले. आदल्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, याच माणसाच्या केबिनबाहेर मी फाइल हातात घेऊन ताटकळत उभी होते. आणि शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, पहाटे दुबईपलीकडच्या रास अल खैमाच्या डोंगराखाली, गाडीच्या दिव्यांच्या उजेडात, आमच्या कंपनीचे प्रोजेक्ट डायरेक्टर माझ्या पायाशी बसून म्हणत होते, "मागे काय सरकतेस? पाय दे इकडे. ही अशी गाठ मारलीस तर उतरताना अंगठ्याचं नख जाईल तुझं."

ते सगळ्यांच्याच लेस बांधायचे. प्रत्येकाने घरून बांधून आणलेली गाठ सोडायची, बूट बोटांकडे सैल ठेवायचा, घोट्याशी आवळायचा आणि वर दोनदा थोपटायचं. कुणी लाजलं की म्हणायचे, "डोंगरावर डेसिग्नेशन चालत नाही, पाय चालतात. आणि इथं मला सर म्हणायचं नाही. दादा म्हणायचं." त्यामुळे शुक्रवारी ते दादा असत आणि आम्हाला अरे-तुरे करत. रविवारी ऑफिस उघडलं की पुन्हा सर आणि अहो-जाहो. हा बदल ते इतका सहज करत की आम्हाला त्याचं भारी कौतुक वाटायचं. साहेब असावा तर असा, असं आम्ही शारजा-दुबईच्या रोजच्या ट्रॅफिकमध्ये अडकून बसल्यावर एकमेकांना सांगायचो.

उंच, किडकिडीत, पन्नाशीचा माणूस. मूळचे रत्नागिरीकडचे, पण वाढलेले पुण्यात आणि खरं तर सह्याद्रीत. कॉलेजच्या दिवसांत गड पालथे घालण्यापलीकडे त्यांनी काही केलं असेल असं वाटायचं नाही, पण डिग्री होती आणि दुबईत वीस वर्षं काढून ते मोठ्या हुद्द्यावर पोहोचले होते. ऑफिसात रेशमी टाय. डोंगरावर मात्र वहिनींनी विणलेली मरून रंगाची कानटोपी, तीही हनुवटीपर्यंत ओढलेली. त्या वाळवंटात लोकरीची कानटोपी बाळगणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. सकाळी तिची थट्टा करणारे आम्ही वर वारा सुटला की तिच्याकडे आशाळभूतपणे बघत असू.

सह्याद्रीत फिरलेल्या कुणालाही एक गोष्ट माहीत असते. पुढे चालणारा माणूस खोटं बोलतो. "किती राहिलं?" असं विचारलं की तो "हे काय, आलंच" असंच म्हणणार. यात कुणाला फसवल्यासारखं वाटत नाही. खरं सांगितलं तर निम्मे जण तिथेच बसकण मारतील, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं. दादांचा या कलेत हातखंडा होता. नुसतं ‘आलंच’, मग ‘आलंच की’, मग ‘ते झाड दिसतंय ना, त्याच्या पलीकडे.’ त्या डोंगरांत झाडं नसायची, पण दादांच्या आवाजात असं काही असायचं की आम्ही उठून झाड शोधत चालू लागायचो.

हेच ते ऑफिसातही करायचे. मी तिथे प्लॅनिंग इंजिनियर होते. काम खरोखर कधी संपेल हे सांगणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. मी तक्त्यावर चार महिने उशीर दाखवायची आणि सर क्लायंटला खांद्यावर हात टाकून सांगायचे, "हबीबी, ऑलमोस्ट देअर, इन्शाल्ला." क्लायंटही खूश होऊन जायचा. पगारवाढ असो, बढती असो, ते स्वतः बोलावून, खुर्चीतून उठून, हात हातात घेऊन सांगायचे. वाईट बातमी मात्र कधी त्यांच्या तोंडून आली नाही. कुणाला काढायचं असलं की ते एचआरचा माणूस सांगायचा आणि सर नेमके त्या दिवशी साइटवर असायचे. "मनाने फार हळवे आहेत," असं आम्ही म्हणायचो. मीही म्हणायची.

दोन हजार आठच्या शेवटी मंदी आली ती आम्हाला क्रेनवरून कळली. खिडकीतून दिसणाऱ्या क्रेन एकेक करून थांबल्या. मग माणसं दिसेनाशी झाली. गणपतीला, दिवाळीला भेटणारी कुटुंबं "मुलांच्या शिक्षणासाठी परत चाललोय" असं सांगून निघून जाऊ लागली. ऐन सत्राच्या मध्यावर मुलांच्या शिक्षणाची एवढी काळजी कशी वाटायला लागली, असं कुणी विचारत नव्हतं. तीन हजार दिरहॅम म्हणजे तेव्हाचे चाळीस हजार रुपये मोजून घेतलेले सोफे लोक फुकट घेऊन जा म्हणत होते.

आणि नेमका त्याच वेळी आमच्या घरचा निर्णय येऊन ठेपला. माझं लग्न होऊन चार वर्षं झाली होती, त्यातली दोन मी शारजात एका खोलीत काढलेली. नवरा, नितीन, पुण्याला चिंचवडच्या एका कारखान्यात पर्मनंट नोकरीला. जानेवारीत कारखान्याने त्याला सांगितलं, उत्तराखंडच्या प्लांटला बदली घ्या किंवा राजीनामा द्या, शनिवारपर्यंत काय ते कळवा. इंजिनियर असल्यामुळे मला नवऱ्याचा व्हिसा काढता येत होता. तो रोज फोनवर एकच विचारायचा, "मृदुला, तुझी नोकरी पक्की आहे ना? तेवढं सांग. मी राजीनामा देतो आणि येतो." सासूबाई मागून ओरडायच्या, पुरुषाने बायकोच्या व्हिसावर जायचं का म्हणून. मला त्याची लाज वाटत नव्हती. मला फक्त खरं उत्तर हवं होतं, आणि ते देऊ शकेल असा एकच माणूस मला ठाऊक होता. त्या शनिवारच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, आम्ही डोंगरात जाणार होतो.

इतकी थंडी मी त्या देशात आधी कधी अनुभवली नव्हती. पहाटे गाडीतून उतरल्यावर हवा दातांना झोंबली. गरम कपडे कुणाकडेच नव्हते, कारण गल्फला येताना स्वेटर भारतात ठेवून यायचे असतात असा आमचा सगळ्यांचा समज. मी नितीनचा कॉलेजातला एक विरलेला स्वेटर घातला होता, खाली सुती ट्रॅकपँट. अकाउंट्सच्या शिरीषने बायकोची शाल गळ्याभोवती गुंडाळली होती. त्या दिवशी आम्ही पाचच जण आलो होतो, कारण नेहमीचे काही आता देशातच नव्हते. दादांबरोबर त्यांची पंधरा वर्षांची मुलगी सई होती, आणि एक नवीन मुलगा, जो पहिल्या चढालाच परत फिरून गाडीत जाऊन बसला. शहाणा होता तो.

कोरड्या घळीतून वर चढत आम्ही डोंगराच्या खांद्यावर आलो आणि वारा सुटला. आभाळ खाली उतरलं, बारीक पाऊस सुरू झाला आणि मग त्याच्या गारा झाल्या. साबुदाण्याएवढ्या, पण वाऱ्याने गालावर तडतडायच्या. सुती कपडे भिजून पायांना चिकटले. बाटलीतलं पाणी पिववेना. शिरीषचे ओठ निळे पडायला लागले तसा तो म्हणाला, "दादा, खलास. परत फिरू या. हे काही खरं नाही."

सगळ्यांनी दादांकडे बघितलं. त्यांनी कानटोपी काढून शिरीषच्या डोक्यावर घातली, त्याचे दोन्ही दंड चोळले आणि म्हणाले, "अरे, वर दगडी घरं आहेत. आसरा आहे. हे काय, आलंच."

"बाबा, यू ऑलवेज से दॅट," सई रडवेल्या आवाजात म्हणाली. "आय कान्ट फील माय हँड्स."

"सई, बसलीस की गोठशील. यल्ला, ऊठ."

आणि आम्ही उठलो. अजूनही मला नवल वाटतं ते याचंच. दोन शिकलेली माणसं, परतीची वाट समोर, गाडी खाली उभी, आणि एक माणूस गोड आवाजात ‘आलंच’ म्हणाला म्हणून आम्ही आणखी वर गेलो. शेवटी तर पायाखाली दगड आहे की काय आहे हे कळेनासं झालं. मी पडले, हाताला खरचटलं, आणि रक्त आलेलं मला बघूनच कळलं.

घरं होती, एवढं खरं. पण ओसाड. एकाच घरातून धूर येत होता. तिथे एक म्हातारा डोंगरी माणूस शेळ्या घेऊन पावसामुळे आडोशाला थांबला होता. त्याने आम्हाला आत ओढलं, सईला आपलं कांबळं दिलं, विस्तवावर किटली ठेवली आणि मग दादांवर जे काय तोंडसुख घेऊ लागला! अर्धं अरबी, अर्धं हिंदी. "तुम पागल? बर्द वाजिद, बहुत ठंडी! छोटा बेटी लेके आया? तुमको मालूम नहीं, तो बोलो मालूम नहीं. क्यों लाया?" दादा मान खाली घालून हसत होते. लहान पोर शिक्षकांची बोलणी खातं तसे. आम्हाला त्यांची दया आली. जीव जाता जाता राहिला होता आमचा, आणि आम्हाला त्यांची दया येत होती!

शिरीष आणि सई कोपऱ्यात कांबळ्याखाली कुडकुडत होते. मी आणि दादा विस्तवाजवळ. त्यांनी माझे गारठलेले हात आपल्या तळव्यांत घेतले आणि चोळायला लागले. माझा भाऊ कधी इतक्या मायेने वागला नसेल. मला रडू यायला लागलं आणि मी विचारून टाकलं.

"दादा, नितीनला उद्या राजीनामा द्यायचाय. माझी नोकरी राहील ना? तुम्हाला माहीत असेल. नसेल राहत तर तसं सांगा. तो तिकडे बदली घेईल, काही बिघडणार नाही. मला फक्त खरं सांगा."

याहून स्पष्ट कसं विचारतात, मला माहीत नाही. त्यांनी विस्तवाकडे बघितलं. एक काटकी आत सारली. मग माझ्याकडे बघून, नेहमीसारखं डोळ्यांत हसू आणून ते म्हणाले, "बोलाव गं त्याला. बिनधास्त बोलाव. किती दिवस एकटी राहणार आहेस?"

दुपारी पाऊस थांबल्यावर म्हाताऱ्याने आम्हाला निम्म्या वाटेपर्यंत आणून सोडलं. खाली डांबरी रस्त्याला फोनला रेंज आली तशी मी ओल्या कपड्यांतच नितीनला फोन लावला. "ये," म्हटलं. "दादांनी स्वतः सांगितलंय." शनिवारी सकाळी त्याने राजीनामा दिला.

रविवारी ऑफिसात पोहोचते तर माझा कॉम्प्युटर उघडेना. एचआरच्या माणसाने केबिनमध्ये बोलावलं, पाण्याचा ग्लास पुढे केला. सर रुवैसच्या साइटवर गेले होते. आमच्या खात्यातली कुणाकुणाची नावं जाणार हे सरांनी स्वतः ठरवलं होतं आणि आदल्याच आठवड्यात त्यावर सही केली होती, हे मला शिरीषने खाली पार्किंगमध्ये सांगितलं. त्याने ते त्याच सकाळी कागदांत बघितलं होतं आणि मला सांगताना त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं. मला नाही आलं. माझ्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. शुक्रवारी माझे हात चोळताना त्यांना सगळं माहीत होतं.

नितीनने धावपळ करून राजीनामा मागे घ्यायचा प्रयत्न केला. पण मंदी तिकडेही होती. माणसं कमी करायला टपलेल्या त्या कारखान्याने तो दोन्ही हातांनी मंजूर करून ठेवला होता. महिन्याभरात मी पुण्याला परतले. मला वर्षभराने बरी नोकरी मिळाली. त्याला तशी नोकरी पुन्हा मिळालीच नाही. थोडे दिवस विम्याची एजन्सी, मग एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये भागी, मग घरी मुलांच्या शिकवण्या. तो मला एका शब्दाने बोलला नाही. सासूबाई बोलल्या, त्याचं काही वाटलं नाही. त्याच्या न बोलण्याने मात्र आमच्या घरातलं काहीतरी जे गेलं ते गेलंच. आजही आम्ही एकत्र राहतो, एकत्र जेवतो. पण मी "खरंच सांगते" असं म्हणून काही सांगू लागले की तो जरा थांबतो. एवढंच.

पुढच्या वर्षी आठल्ये सरांचीही नोकरी गेली. ते सहकुटुंब पुण्याला आले, आणि एका रविवारी सकाळी खजुराचा डबा घेऊन आमच्या दारात उभे. नितीन शिकवणीच्या खोलीत निघून गेला. मी चहा केला. पाहुण्याला चहा न देण्याइतकी मी अजून बिघडले नव्हते.

"माझ्या हातात नव्हतं गं," ते म्हणाले. "वरून आकडा आला होता. कुणाला तरी काढावंच लागणार होतं. आणि बाहेर बोलायचं नाही अशी सक्त ताकीद."

"ते मला कळतं, दादा. नाव लिहिल्याचं मी म्हणतच नाहीये. ‘बोलाव’ कशाला म्हणालात? ‘मला माहीत नाही’ म्हणायचं. गप्प बसायचं. तुम्ही नुसते गप्प बसला असतात तरी मी समजले असते."

"त्या गारठ्यात तुझं ते तोंड बघून मला नाही म्हणवेना," ते म्हणाले. आणि हे ते अगदी खरं बोलत होते. मला तेव्हा कळलं, या माणसाला समोरच्याचा उतरलेला चेहरा सहन होत नाही. त्याच्या पाठीमागे त्या माणसाचं काय वाटोळं होतं, ते सहन होतं, कारण ते बघायला तो तिथे नसतो. आम्ही वर्षानुवर्षं याला प्रेमळपणा म्हणत आलो होतो. मी खजुराचा डबा परत केला.

त्यानंतर सात-आठ वर्षं गाठ नव्हती. मग एक दिवस वहिनींचा फोन आला. ह्यांना तुला भेटायचंय, दवाखान्यात आहेत. जाऊ नये असंच वाटत होतं. नितीन म्हणाला, "जाऊन ये," म्हणून गेले.

वहिनी बाहेर बाकावर बसल्या होत्या. मला बाजूला घेऊन कुजबुजल्या, "स्वादुपिंडाचा आहे. डॉक्टर म्हणतात, आता फार तर काही आठवडे. त्यांना काही सांगितलेलं नाही हं. सईलाही नाही. ती कॅनडात आहे, नवीन नोकरी आहे तिची, साधं ऑपरेशन आहे म्हणून सांगितलंय. तू आपलं बरे व्हाल म्हण."

पलंगावर नुसता हाडांचा सापळा उरला होता. मला बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला. मी खुर्ची ओढून बसले. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग ते म्हणाले, "इथं सगळे माझ्याशी गोड बोलतात, मृदुला. तू माझ्यावर चिडलेली आहेस. म्हणून तुला बोलावलं. मी यातून उठणार आहे का?"

"नाही, दादा."

"किती?"

"डॉक्टर आठवडे म्हणतायत. थोडेच."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता रडतील. पण त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "माझा फोन दे. सईला लावून दे." तिचा आवाज आला, झोपेतून उठल्यासारखा. "सई, ये," ते म्हणाले. "नाही, मी बरा नाहीये. नाही होणार बरा. आई सांगते ते ऐकू नकोस. आत्ताच्या आत्ता तिकीट काढ." एवढं बोलून ते थकले. ज्या माणसाला मी इतकी वर्षं ओळखत होते, त्याला वाईट बातमी स्वतःच्या तोंडाने देताना मी तेव्हाच पहिल्यांदा बघितलं.

वहिनी दारात उभ्या होत्या. "सूड उगवलास," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत.

सई वेळेत पोहोचली. बाप-लेकीला काही दिवस मिळाले, त्यातले बरेचसे तो शुद्धीवर होता. सगळं आटोपल्यावर, कॅनडाला परत जायच्या आधी, ती पत्ता शोधत माझ्या घरी आली. पंचविशीची झालेली, बापासारखी उंच. बराच वेळ चहाचा कप नुसता हातात धरून बसली.

"थँक यू, मावशी. फॉर टेलिंग हिम," ती म्हणाली. "आईला इट विल टेक टाइम." मग तिने विचारलं, "तुम्ही बाबांना माफ केलंत ना? ही रिअली वॉन्टेड टु नो."

वडील जाऊन पंधरवडाही झाला नव्हता. चेहरा उतरलेला, डोळे सुजलेले. हो म्हणणं किती सोपं होतं! शब्द अगदी जिभेवर आला होता.

"नाही, सई," मी म्हटलं. "नाही केलं."

"ओके," ती म्हणाली, आणि गार झालेला चहा तिने संपवला.